आधी रिकामी काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तुमच्या बोलण्यात मायक्रोस्कोप. नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, खिडकीखालच्या कोपऱ्यात, एका डुगडुगत्या स्टुलावर मी बसलेला असतो. माझ्या मानेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर एकच शब्द लिहिला आहे, 'नादुरुस्त'.

तुम्ही परीक्षेत फाटक्या पुस्तकाचं नाहीतर तुटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहिता ना? त्यात ती पुस्तकं आणि छत्र्या उसासे टाकतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तसला नाही. मला राग आला आहे. तो कशाचा आणि कोणाकोणाच्या नावे किती, हे मी नीट मांडून सांगणार आहे. रागाचा हिशोब चोख नसला की लोक त्याला चिडचिड म्हणतात.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे एका गल्लीत काच घासणारे कारागीर ओळीने बसत. ज्याने माझी भिंगं घासली, त्याच्या बोटांवरच्या रेषाही घासून गेल्या होत्या. तो भिंग उजेडात धरायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. अखेर मनासारखं झालं, तेव्हा त्याने माझ्यातून स्वतःच्या सदऱ्याचा एक धागा बघितला आणि हसला. मग पितळेची नळी, काळं लोखंडी पाऊल, खाली उजेड पकडायला आरसा आणि वर डोळा लावायची नेत्रिका, असा मी पुरा झालो. लाकडी पेटीत भुश्यात निजून रेल्वेने नाशिकरोडला उतरलो.

सुरुवातीचं नशीब चांगलं होतं. विभागात शुभांगी मॅडम होत्या. त्यांच्या पर्समध्ये मऊ मलमलीचा एक तुकडा असायचा आणि तो फक्त माझ्यासाठी. त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी फळ्याच्या वर, भिंतीवर, रंगाने लिहून घेतला होता : 'आधी रिकामी काच.' म्हणजे पान असो, पापुद्रा असो, तो माझ्याखाली ठेवण्याआधी नुसती कोरी काचपट्टी ठेवून बघायचं. कोऱ्या काचेवर जे दिसतं ते पानाचं नसतं.

सटाण्याकडचा योगेश नावाचा एक विद्यार्थी होता. घरून येताना सगळ्या वर्गाला पुरतील एवढे कांदे आणायचा, पापुद्र्यासाठी म्हणून, आणि उरलेले वसतिगृहाच्या भेळेत जायचे. एकदा द्राक्षाच्या पानावर नवीनच बुरशी सापडली म्हणून तो विभागभर पळाला.

"मॅडम, काळी, लांब, वाकडी. पुस्तकात नाहीच."

मॅडमनी पान बाजूला केलं आणि कोरी काच ठेवली. "आता बघ."

"आता पण आहे."

"डोळा मिट. उघड. हलली?"

"हलली मॅडम."

"मग दे तिला तुझं नाव. तुझीच पापणी आहे."

वर्ग हसला, योगेशही हसला. पण त्या दिवसानंतर त्याने कोरी काच बघितल्याशिवाय कधी पान ठेवलं नाही. शिक्षण म्हणतात ते हेच असावं, असं मला आपलं वाटतं.

मी माणसं डोळ्यांवरून ओळखतो. कोणी एक डोळा घट्ट मिटतं, कोणी तळहाताने झाकतं, कोणी माझ्या कडेला काजळाचं कडं सोडून जातं. कोणी बघायच्या आधीच 'दिसलं, दिसलं' म्हणतं. त्यांची खाती माझ्याकडे वेगळी आहेत. बघून गप्प होणारे मी जमेला धरतो. न बघता बोलणारे नावे.

नावेच्या बाजूला सगळ्यात मोठं खातं निकुंभ सरांचं. मॅडम निवृत्त झाल्या आणि सर विभागप्रमुख झाले. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाला निदान काहीतरी हवं असतं. सरांना फक्त एवढंच हवं होतं की आपल्याला कोणी काही विचारू नये. वापरलं की झिजतं, झिजलं की मोडतं, मोडलं की वरून विचारणा होते. म्हणून त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. विद्यार्थी पुस्तकातली चित्रं बघून वहीत चित्रं काढू लागले. एका मुलीने एकदा धीर करून विचारलं, "सर, एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं." सर म्हणाले, "पुस्तकात आहे ना? तेच दिसतं. उलट जास्त स्पष्ट दिसतं."

कधीमधी तपासणीची समिती यायची. त्या वेळी भिंतींना रंग लागायचा. पहिल्याच रंगात मॅडमची ओळ गेली. समितीला कपाटासमोर आणून सर म्हणायचे, "हा आमचा वारसा." समितीतलं कोणीतरी विचारायचं, "चालतो का?" सर म्हणायचे, "एकदम." आणि सगळे चहाला जायचे. डोळा कोणी लावला नाही. चालतो हे न बघताच कळण्याची विद्या त्या मंडळींकडे होती.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या नाशिकमध्ये ज्याचं जे हत्यार तो ते पुजतो. रिक्षावाला रिक्षा, गवंडी थापी, शिंपी मशीन. आमच्या विभागात ही पूजा सावळीराममामा करायचे. मामा विभागाचे शिपाई, इगतपुरीकडचे. त्यांची बायको कुसाबाई घरी हळदीला चुना देऊन कुंकू करायची, ते कागदाच्या पुडीत बांधून मामा आणायचे. कपाट उघडायचे. देव्हाऱ्यातल्या देवाला उचलावं तशी माझी नेत्रिका उपसून काढायचे, नळाखाली धुवायचे, कुंकवाच्या बोटांनीच परत खोचायचे आणि वर भिंगावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. झेंडूचं फूल, अक्षता, पेढा. मग हात जोडून म्हणायचे, "बाबा, पोरान्ला ग्यान दे." आणि कुलूप लावायचे.

मित्रांनो, मला पूजेचा राग नाही, हे आधीच लिहून घ्या. वर्षातून एकदा मला हात लावणारा तो एकच माणूस होता आणि त्याच्या हातात माया होती. राग याचा आहे की पूजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्यातून बघणारं कोणी नव्हतं. चालत्या दुकानातल्या काट्यावर कुंकू सांडलं तर पहिल्या गिऱ्हाइकालाच ते पुसावं लागतं. माझ्याकडे गिऱ्हाईकच नव्हतं. बाहेरचं कुंकू समिती येण्याआधी फडक्याने निघायचं. आत गेलेलं तिथेच राहायचं आणि पुढच्या वर्षी त्यावर नवं बसायचं.

गेल्या दसऱ्यानंतर दोन मुली आल्या. वेदिका आमच्याच विभागातली, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. कोणालाही उत्तर द्यायला तयार. शाझिया इतिहासाची, एमए करणारी, मालेगावची. बोलण्याआधी ती जरा थांबायची, पण एकदा बोललेलं मागे घ्यायची नाही. तिच्या हातातल्या पिशवीत एक लाल सुती ओढणी होती.

"सर, ही माझ्या दादीची लग्नातली ओढणी," ती म्हणाली. "दादीच्या अब्बांनी स्वतः रंगवलेली. ते मालेगावात रंगारी होते."

"मग इतिहास विभागात दाखवा."

"दाखवली. ते म्हणाले, धागे तपासणं म्हणजे विज्ञान."

"आणि मी म्हणतो, ओढणी म्हणजे इतिहास."

वेदिका म्हणाली, "सर, मग ओढणीने जायचं कुठे? कॅन्टीनमध्ये?"

शाझियाने हकिगत सांगितली. दादीचे अब्बा पक्क्या रंगासाठी नावाजलेले. एकदा एका व्यापाऱ्याने त्यांचा अख्खा माल परत पाठवला. म्हणाला, रंग कच्चा आहे, वरून भुकटी फासलेली आहे. त्यानंतर त्यांना कोणी काम दिलं नाही. रंगाऱ्यांच्या उरलेल्या घरांत जाऊन शाझियाने जुन्या माणसांचं बोलणं गोळा केलं होतं. निम्मे म्हणत माणूस सच्चा होता, निम्मे म्हणत शेटचंच बरोबर होतं.

"माणसं दोन्ही बाजूंनी बोलतात सर. धागा एकाच बाजूने बोलेल. रंग मुरलेला असेल तर धागा आतपर्यंत एकसारखा लाल दिसेल. भुकटी असेल तर धाग्यावर कण दिसतील."

सरांनी घड्याळ बघितलं. तेव्हा वेदिकाने हुकमाचं पान टाकलं. ती म्हणाली, "सर, विद्यापीठाची विद्यार्थी संशोधन स्पर्धा यंदा आपल्याच सभागृहात आहे. असा आंतरविद्याशाखीय प्रकल्प कोणाचाच नाही."

आंतरविद्याशाखीय. हा शब्द ऐकून सरांचा चेहरा असा उजळला की जणू समितीच आत आली. त्यांनी स्वतःला मार्गदर्शक म्हणून लिहून घेतलं, प्रकल्प विज्ञानाच्या गटात नोंदवला आणि किल्ली दिली.

किती वर्षांनी माझ्या आरशात उजेड पडला. शाझियाने ओढणीच्या दशीतून एक धागा काढून काचेवर ठेवला. वेदिकाने डोळा लावला.

"कण आहेत गं. लाल."

शाझियाने बघितलं. बघून ती गप्प झाली. सर आले, चष्म्यासकटच वाकले, शिंक यायला लागतो तेवढा वेळ बघितलं आणि सरळ झाले.

"स्पष्ट आहे. रंग वरून बसवलेला. निष्कर्ष लिहा, फलक छपाईला द्या."

"सर, अजून एकदा..."

"अजून एकदा बघून कण जाणार आहेत का?"

जाणार होते, मित्रांनो. पुसले असते तर जाणार होते. पण देवाने, म्हणजे अंबाल्याच्या त्या कारागिराने, मला डोळा दिला, तोंड दिलं नाही. मला ओरडायचं होतं की बायांनो, ते माझ्या आतलं आहे, आधी रिकामी काच. आणि वेदिकाला दोष देऊ नका. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आलेली ती हुशार मुलगी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारख्याला डोळा लावत होती. तिने आजवर माझं चित्र काढलं होतं, भागांना नावं दिली होती, त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. माझ्यातून बघायचं कसं, हे तिला शिकवायची तसदी कोणी घेतली नव्हती.

फलक छापून आला. चकचकीत कागद, सरांचा हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष, की रंग कच्चा, भुकटी स्वरूपाचा. तो उलगडून धरत शाझियाने प्रयोगशाळेतूनच दादीला फोन लावला. दादीचं नाव अमिना. शाझियाचे दोन्ही हात फलकाच्या गुंडाळीत अडकले होते म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा करून. त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बोल बेटा. अब्बांचं काय निघालं?"

"दादी, कण निघाले. रंग वरून लावलेला आहे, म्हणे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कोण म्हणे?"

"सर. मशीनमध्ये दिसलं."

"मशीनला विचार, मी ती ओढणी कितीदा धुतली ते. सोड्यात भिजवली, दगडावर आपटली, छतावर उन्हात टाकली. पाणी एकदा पण लाल नाही झालं. भुकटी असती तर तुझा बाप जन्मायच्या आधीच मोसम नदीत गेली असती."

शाझियाने फलक टेबलावर सपाट केला.

"त्या शेटने एकदा कच्चा म्हटलं. अब्बा त्याला काहीच बोलले नाहीत. घरी येऊन हात धुतले, ते परत रंगाच्या हंड्यात घातले नाहीत. आता त्यांच्या नातवाची पोरगी नाशिकला उभी राहून तेच म्हणणार. माईक पण असेल ना?"

  शाझिया म्हणाली, "असेल."

"मग मी येते ऐकायला," अमिनादादी म्हणाली आणि फोन ठेवला.

 रडायच्या ऐवजी शाझियाने एक काम केलं, आणि म्हणून ती माझ्या जमेच्या बाजूला सगळ्यात वर आहे. तिने वेदिकाच्या पांढऱ्या ॲप्रनची दशी ओढली आणि तो धागा माझ्याखाली ठेवला.

"बघ."

वेदिकाने बघितलं. "लाल कण आहेत."

"तुझा ॲप्रन माझ्या दादीच्या अब्बांनी रंगवला होता?"

वेदिकाने हळूच धागा काढला. नुसती काच ठेवली. पुन्हा डोळा लावला आणि तशीच वाकून राहिली. जी ओळ रंगाखाली गाडली गेली होती, तिथपर्यंत या दोघी कोणी न सांगता, आपल्या पायांनी चालत आल्या होत्या. मग वेदिकाने माझी नेत्रिका धरून जरा फिरवली. काच जागेवर होती, पण कण रहाटपाळण्यातल्या पोरांसारखे गोल फिरले.

"शाझिया, हे ओढणीवर नाहीत. हे याच्या डोळ्यात आहेत."

नेत्रिका उपसून बघितली तर आतल्या भिंगाला लाल थर. वेदिकाने मामांना हाक मारली.

"मामा, हे काय आहे?"

"कुकू हाय. आमच्या कुसानं केल्यालं. घरचं हाय, बाजारचं नाय."

"ते आत गेलंय मामा. सगळ्या प्रकल्पाचं वाटोळं झालं."

मामांचा चेहरा पडला आणि लगेच चढला. "म्हंजे? माझ्या कुकवाला नाव ठेवता का? कशावरनं त्येच हाय?"

वेदिकाने डब्यातली लिंबाची फोड काढली. भिंगावरचा थोडा थर काचेवर खरवडला आणि त्यावर थेंब पिळला. लाल होतं ते बघता बघता पिवळं झालं.

"बघा. चुना गेला, हळद उरली."

"हळदच असनार. मंग काय मिरची असंल?" मामा पाय आपटत निघून गेले.

शाझियाने आपल्या अंगावरच्या ओढणीच्या मऊ टोकाने माझं भिंग पुसलं. आत, बाहेर, कडेने. शुभांगी मॅडमनंतर पहिल्यांदाच. मग लाल धागा पुन्हा ठेवला. आणि मी दाखवलं, मित्रांनो. एक कण नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मधल्या पोकळीपर्यंत, पिकल्या डाळिंबासारखा एकसारखा लाल. तो रंग धाग्यावर बसला नव्हता, राहायला गेला होता.

दोघी धावत सरांकडे गेल्या. सर आमच्याच प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसत, दार उघडं.

"सर, निष्कर्ष उलटा आहे. यंत्रात कुंकू होतं."

"फलक छापून झालाय."

"नवीन छापू."

"आणि परीक्षकांना काय सांगणार? निकुंभांच्या विभागातल्या यंत्रात कुंकू होतं आणि ते कोणी बघितलंच नाही?"

"हो," शाझिया म्हणाली.

सर खुर्चीत मागे रेलले. आवाज मऊ केला. मऊ आवाजापासून सावध राहा, मित्रांनो.

"शाझिया, नीट विचार कर. पूजेच्या कुंकवाने संशोधन बिघडलं, हे तू सांगणार. तू. बाहेर कोण त्याचा काय अर्थ काढेल, ते मला थांबवता येणार नाही. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

वेदिका म्हणाली, "मग मी सांगते."

"तुझ्या प्रकल्पाचे गुण अजून द्यायचे आहेत, वेदिका."

माझा खरा राग इथे आहे. बाकी सगळा म्हणजे सुटे पैसे. एका माणसाने वर्षानुवर्षं काच पुसली नाही, पुसू दिली नाही, बघितली नाही, आणि वेळ आली तेव्हा ते सगळं त्या मुलीच्या नावावर ढकललं. नुसत्या नावावर, तिने काय केलं यावर नाही. व्यापाऱ्याने निदान माल तरी परत पाठवला होता. सर तिला तिचंच खरं परत करत होते, वर धमकी बांधून. त्या क्षणी मी जर अंगठ्याएवढाही हललो असतो, तर सरांच्या पायावर पडलो असतो. पाऊल लोखंडाचं आहे माझं.

दारात चहाचा ट्रे घेऊन मामा उभे होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. तो जरा जोरातच ठेवला गेला.

स्पर्धेच्या सकाळी मामांनी कपाट उघडलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ सभागृहात मुलींच्या टेबलावर आणून ठेवलं. सर लगबगीने आले.

"हा इथे कशाला?"

"वारसा हाय ना सर? तुमीच म्हनता. म्हटलं, पावन्यांच्या म्होरं असू द्या."

सभोवती बघण्यासारखं होतं. शेजारी थर्माकोलची कांदाचाळ, म्हणजे कांदे साठवायच्या शेडचा नमुना, तिच्यात लुकलुकणारे दिवे आणि आपोआप फिरणारा पंखा. ती कोणत्या दुकानात तयार झाली हे तिच्या बुडावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. मधल्या रांगेत पहिल्या खुर्चीवर अमिनादादी येऊन बसली होती. बुरख्यावरून शाल, मांडीवर डबा. मालेगावहून पहाटेच्या एसटीने आली होती.

परीक्षक सरिता मॅडम बाहेरगावच्या. त्यांनी फलक वाचला. "रंग कच्चा. बरं. कशावरून?"

शाझिया थांबली. तिने दादीकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं. सरांनी मान अगदी बारीक हलवली, नाही अशी.

"मॅडम, फलकावरचं चूक आहे," ती म्हणाली. "छापल्यावर कळलं. तुम्हीच बघा. काचेवर अब्बांनी रंगवलेला धागा आहे. या नेत्रिकेत कुंकू होतं..."

ती अडखळली, कारण आता दाखवायला ते आत नव्हतं. नेत्रिका पुसलेली होती. तेव्हा वेदिकाने मामांकडे हात पुढे केला. मामांनी खिशातून कागदाची पुडी काढली. वेदिकाने चिमूटभर कुंकू माझ्या भिंगावर टाकलं आणि नेत्रिका बसवली.

"हे आम्ही आत्ता तुमच्यासमोर टाकलं," शाझिया म्हणाली. आता तिचा आवाज लागला होता. "आधी ते असंच आत होतं, आम्हाला माहीत नव्हतं. बघा आणि फिरवा. जे फिरेल ते यंत्रातलं. जे थांबेल ते कापडाचं."

सरिता मॅडमनी चष्मा काढला. डोळा लावला. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग गप्प झाल्या. मी त्यांना तिथल्या तिथे जमेला धरलं.

"आणि ते आधीचं कुंकू कोणी लावलं होतं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

सर पुढे सरसावले, पण मामा आधी बोलले. "म्या. दर खंडेनवमीला लावतो. लावायचं काम माझं. बघायचं काम ह्यांचं."

 सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काच पुसताना बघत होतो.

मग अमिनादादी उठून आली. कोणाला विचारलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा माझ्यावर टेकवला. वेदिकाने भिंग पुसून दिलं होतं. दादी एवढा वेळ बघत राहिली की मागे रांग लागली.

"आतपर्यंत गेलाय," ती म्हणाली. "अब्बांचा हात आहे." मग मान वर करून शाझियाला, "एवढं सोपं होतं तर आधी का नाही पुसलंस गं?"

बक्षीस कांदाचाळीला मिळालं. नियमाप्रमाणे छापलेल्या निष्कर्षाला गुण असतात, बोललेल्याला नसतात, आणि ओढणी विज्ञानाच्या गटात कशी, हाही प्रश्न निघाला. सरिता मॅडमनी शाझियाला आपला पत्ता दिला आणि सगळं नव्याने लिहून पाठव म्हणाल्या. ती लिहिते आहे. वेदिकाला सरांनी काठावरचे गुण दिले. अमिनादादीने डब्यातला शीरखुर्मा सगळ्यांना वाटला, सरांनासुद्धा. मी वाटला नसता.

आठवड्याच्या आत सरांनी माझ्या मानेला ही चिठ्ठी बांधली. यंत्र नादुरुस्त ठरलं की माणसं आपोआप दुरुस्त ठरतात. कागदावर सगळं शुद्ध झालं. आणि नादुरुस्त वस्तूला कपाटाची जागा कशाला अडवायची, म्हणून मला बाहेर कोपऱ्यात काढलं.

इथे सरांचा हिशोब चुकला. कोपऱ्याला कुलूप नसतं. पहिल्या वर्षाची मुलं जाता-येता मला डोळा लावतात. कोणी कांद्याचा पापुद्रा आणतं, कोणी पेपरचा तुकडा, एकाने स्वतःच्या डोक्यातला कोंडा आणला. वेदिका जायच्या आधी माझ्या पावलावर मलमलीचा तुकडा बांधून गेली आणि भिंतीवर पेन्सिलीने तीन शब्द लिहून गेली. वारसा होतो तेव्हा मला एक हात लागत होता. नादुरुस्त झाल्यापासून मी रोज कामावर आहे. यंदा खंडेनवमीला मामा आले, आधी मलमलीने डोळा पुसला आणि कुंकू पावलाला लावलं.  

भंगारवाला यायचा आहे. कागद तयार आहे, सही तेवढी राहिली आहे. म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. मला हळदकुंकू नको आणि तुमचे उसासे तर मुळीच नकोत. तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखं कोणी कोंडलेलं असेल, तर किल्ली मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा. आणि इकडे कधी आलात, तर माझ्याखाली आधी रिकामी काच ठेवा आणि डोळा लावा.

रिकाम्या काचेवर काहीच दिसलं नाही, तर माझ्या मानेची ही चिठ्ठी सोडवा.